टाचणीच्या डोक्यावर मावणारं यकृत

२०२४ सालच्या जानेवारीत आपल्या पेंचच्या जंगलात हरियाणाहून दहा पाहुणे आले. तिकडे पिंजोर इथे गिधाडांचं प्रजनन केंद्र आहे, तिथे वाढलेली ही लांब चोचीची गिधाडं. आधी काही महिने त्यांना जंगलातच एका भल्यामोठ्या जाळीदार पिंजऱ्यात ठेवलं, इथल्या हवेची सवय होऊ दिली आणि मग मोकळं सोडलं.

गिधाडांसाठी एवढा खटाटोप का, असं वाटत असेल तर घरी आजोबांना विचारा. त्यांच्या लहानपणी गावाबाहेर ढोर मेलं की तासाभरात आभाळात गिधाडं घिरट्या घालू लागायची. मग १९९० नंतर ती दिसेनाशी झाली. पांढऱ्या पाठीच्या गिधाडांची तर अशी दशा झाली की जिथे पूर्वी हजार दिसायची, तिथे २००७ साली एखादंच दिसायचं. कुणी म्हणे रोग आला, कुणी म्हणे झाडं तुटली. खरा गुन्हेगार सापडला २००४ साली, आणि तो होता एक औषध. डायक्लोफेनॅक.

हे औषध तुमच्या घरच्या कपाटातही असू शकेल. बाबांची कंबर धरली, आजीचा गुडघा सुजला की डॉक्टर ते देतात. बैल लंगडायला लागला, गाईला कुठे सूज आली, तर गुरांचे डॉक्टरही त्याचं इंजेक्शन देत. जनावराला आराम पडायचा. पण इंजेक्शन दिल्यावर लगेच ते जनावर मेलं आणि गिधाडांनी त्याचं मांस खाल्लं, तर मांसात उरलेल्या जराशा औषधानं गिधाडाची मूत्रपिंडं बंद पडायची आणि काही दिवसांत ते झाडावरून खाली पडायचं. २००६ साली भारत सरकारनं गुरांसाठीच्या डायक्लोफेनॅकवर बंदी घातली.

आता खरा प्रश्न. माणसाला चाललं, गाईला चाललं, मग गिधाडाला काहून नाही चाललं?

आणखी गंमत ऐका. अमेरिकेत टर्की व्हल्चर नावाचं गिधाड असतं. तेही मेलेली जनावरं खातं, त्याचंही डोकं टकलं. शास्त्रज्ञांनी त्याला आपल्याकडची गिधाडं मरतील त्याच्या शंभरपटीहून जास्त डायक्लोफेनॅक दिलं. त्याला काहीही झालं नाही! दोघंही गिधाडंच, खाणं एकच, पण औषधाच्या बाबतीत एकाचा अनुभव दुसऱ्याच्या कामाचा नाही.

मांजराचंही असंच. आपल्याला ताप आला की डॉक्टर वजन बघून पॅरासिटामॉल देतात आणि ताप उतरतो. तीच गोळी मांजराच्या पोटात गेली तर मांजर मरू शकतं. तुमच्या घरी मनी असेल तर एवढं लक्षात ठेवा: माणसाची गोळी तिला कधीही द्यायची नाही, अर्धीसुद्धा नाही.

मांजराची ही अडचण समजून घ्यायची तर आपल्याला यकृतात शिरावं लागेल. मोठी माणसं त्याला लिव्हर म्हणतात. उजव्या बाजूच्या शेवटच्या बरगड्यांवर हात ठेवा. त्यांच्या आत, हाताखालीच, तुमचं यकृत आहे. मोठ्या माणसाचं यकृत साधारण दीड किलोचं असतं आणि दर मिनिटाला त्यातून जवळजवळ दीड लिटर रक्त वाहतं. त्याची एक पातळ चकती कापून सूक्ष्मदर्शकाखाली पाहिली तर मधमाश्यांच्या पोळ्यासारखे सहा बाजूंचे कप्पे दिसतात. प्रत्येक कप्प्याच्या कडेनं रक्त आत येतं, यकृतपेशींच्या रांगांमधून झिरपत मधोमध असलेल्या शिरेत जातं. आणि पेशींच्या मधूनच, उलट दिशेनं, पित्ताच्या बारीक वाटा बाहेर निघतात. त्या वाटा इतक्या अरुंद असतात की एका मिलिमीटरमध्ये शेकडो मावतील.

गोळी गिळली की ती आतड्यात विरघळते, रक्तात उतरते, आणि ते रक्त हृदयाकडे जाण्याआधी यकृतात येतं. म्हणजे औषधाची पहिली गाठ यकृताशीच. तिथल्या पेशींमध्ये विकरं असतात, ज्यांना आपण एन्झाइम म्हणतो. ती औषधाच्या रेणूचा एखादा तुकडा तोडतात, एखादा नवा जोडतात, जेणेकरून तो लघवीतून किंवा पित्तातून बाहेर टाकता यावा. या कामाला जुंपलेल्या एका मोठ्या कुळाचं नाव आहे सायटोक्रोम पी-४५०. माणसाकडे या कुळातले ५७ सदस्य आहेत. उंदराकडचे वेगळे, कुत्र्याकडचे वेगळे, माकडाकडचेसुद्धा जरा वेगळे.

पॅरासिटामॉलचं बघा. आपलं यकृत त्यातल्या बहुतेक रेणूंना साखरेसारखा किंवा गंधकाचा एक तुकडा चिकटवतं आणि बाहेर पाठवून देतं. थोडेसे रेणू मात्र पी-४५०च्या तावडीत सापडतात आणि त्यांचं एक दाहक रसायन बनतं. तेही ठीक, कारण पेशीत ग्लुटाथायोन नावाचा पदार्थ असतो आणि तो या दाहक रसायनाला जागच्या जागी निकामी करतो. डॉक्टरांनी सांगितलेल्या मापात औषध घेतलं की सगळं सुरळीत चालतं. पण कुणी खूप गोळ्या घेतल्या तर ग्लुटाथायोनचा साठा संपतो, आणि मग ते दाहक रसायन यकृताच्या पेशींनाच खाऊ लागतं. मांजराकडे तो साखरेचा तुकडा चिकटवणारं एन्झाइम नीट नसतं. म्हणून आपल्याला मानवणारं माप तिला सोसत नाही. घरात फिरणारा छोटा उंदीर पॅरासिटामॉलला लवकर बळी पडतो, त्याचा मोठा भाऊ शोभेल असा घुशीएवढा पांढरा उंदीर मात्र बराच काळ तग धरतो. आता सांगा, या दोघांपैकी कुणाचं ऐकून माणसाचं माप ठरवायचं?

कधीकधी तर यकृत निरुपद्रवी वस्तूपासून घातक वस्तू बनवतं. डायक्लोफेनॅकवर बंदी आल्यावर गुरांसाठी अॅसिक्लोफेनॅक नावाचं दुसरं औषध वापरात आलं. पण गाईच्या शरीरात गेल्यावर त्याचं रूपांतर होतं चक्क डायक्लोफेनॅकमध्ये! गिधाडांसाठी पुन्हा तोच घास. २०२३ साली त्यावरही बंदी आली.

आजवर नवं औषध माणसाला देण्याआधी ते प्राण्यांना देऊन पाहत आले आहेत. आधी उंदरासारख्या कुरतडणाऱ्या प्राण्याला, मग कुत्रा किंवा माकड अशा दुसऱ्या कुणाला. त्यातून पुष्कळ घातक औषधं वेळीच पकडली गेली, हे खरं आहे. पण सगळी नाही. १९९३ साली अमेरिकेत फिआलुरिडिन नावाच्या औषधाची चाचणी सुरू झाली. कावीळ ब या आजारावर ते मोठं गुणकारी ठरेल अशी आशा होती. प्राण्यांवरच्या चाचण्यांत यकृताला धोका दिसला नव्हता. पंधरा माणसांनी ते घ्यायला सुरुवात केली. काही आठवडे बरे गेले. मग एकामागून एक माणसं आजारी पडू लागली, आणि औषध थांबवल्यावरही आजार थांबेना. सात जणांची यकृतं निकामी झाली. पाच जण गेले. दोघांना दुसऱ्याचं यकृत बसवावं लागलं, म्हणून ते वाचले.

याचं कारण पुढे कित्येक वर्षांनी उलगडलं. तुम्ही विज्ञानाच्या पुस्तकात तंतुकणिका वाचल्या आहेत ना, पेशीला ऊर्जा पुरवणाऱ्या? माणसाच्या तंतुकणिकांच्या आवरणात एक वाहक प्रथिन असतं, ते फिआलुरिडिनला आत घेतं. आत गेल्यावर ते औषध तंतुकणिकेचं काम बिघडवतं. उंदराच्या तंतुकणिकांवर हे प्रथिन त्या जागी नसतंच. औषध आत जातच नाही, म्हणून उंदीर ठणठणीत! त्याच्याकडून इशारा मिळणार तरी कुठून?

आपल्याकडचंही एक उदाहरण आहे. निमेसुलाइड नावाचं तापाचं औषध भारतात लहान मुलांना सर्रास दिलं जायचं. त्यानं यकृताला इजा होऊ शकते अशी भीती जगभरातून व्यक्त होत राहिली, आणि २०११ साली आपल्या सरकारनं १२ वर्षांखालच्या मुलांसाठी ते बंद केलं. बाजारात आलेलं औषध मागे घ्यावं लागलं तर त्यात यकृताची इजा हे एक मोठं कारण असतं.

तेव्हा शास्त्रज्ञांनी ठरवलं: माणसाला काय होईल हे विचारायचं तर माणसाच्याच यकृताला विचारू या. मात्र माणसाच्या पोटातल्या यकृताला नाही. त्याचा एक छोटासा तुकडा प्रयोगशाळेत वाढवू आणि त्याला औषध पाजून बघू.

म्हणायला सोपं, पण यकृताच्या पेशी फार मानी. शरीरात त्यांच्यासारखं पुन्हा वाढणारं क्वचितच कुणी. निरोगी यकृताचा दोन तृतीयांश भाग कापून काढला तरी उरलेला भाग काही आठवड्यांत वाढून पुन्हा जवळजवळ पहिल्याएवढा होतो. पण त्याच पेशी सुट्या करून काचेच्या सपाट ताटलीत ठेवल्या की रुसतात. वाढत तर नाहीतच, शिवाय दोन-तीन दिवसांत आपली विकरं बनवणंही सोडून देतात. चपट्या होतात, पसरतात. सूक्ष्मदर्शकातून पाहिलं तर ओळखूही येत नाही की या यकृताच्या पेशी होत्या. अशा पेशींना औषध देऊन काय उपयोग? ज्या एन्झाइमांची परीक्षा घ्यायची तीच गायब!

म्हणून बरीच वर्षं शास्त्रज्ञ एका वेगळ्या पेशीवर काम भागवत आले. तिचं नाव हेप-जी-२. १९७०च्या दशकात अर्जेंटिनातल्या एका पंधरा वर्षांच्या मुलाच्या यकृतात कर्करोगाची गाठ झाली होती, त्या गाठीतून या पेशी मिळाल्या. कर्करोगाच्या असल्यानं त्या न थांबता वाढतात. त्या मुलाच्या यकृताच्या पेशींचे वंशज आज जगभरच्या प्रयोगशाळांत आहेत. पुण्यातलं राष्ट्रीय पेशी विज्ञान केंद्र अशा नाना तऱ्हांच्या पेशी जपून ठेवतं आणि देशभरच्या संशोधकांना पुरवतं, त्यांत हेप-जी-२ही आहेत. पेशी उणे १९६ अंश तापमानाच्या द्रवरूप नायट्रोजनमध्ये निजवलेल्या असतात. कुणाला हव्या असल्या की कुपी बाहेर काढायची, कोमट पाण्यात धरायची, आणि त्या जाग्या होतात! पण औषध फोडणारी विकरं हेप-जी-२ मध्ये फार थोडी असतात, हा तिचा मोठा दोष.

मुंबईत पवईच्या आयआयटीत जयेश बेल्लारे आणि त्यांच्या विद्यार्थ्यांनी या पेशींचा एक वेगळाच उपयोग केला आहे. त्यांनी बारीक, आतून पोकळ असे धागे तयार केले आणि त्यांच्यावर यकृतपेशी वाढवल्या. धाग्याच्या भिंतीला डोळ्यांना न दिसणारी छिद्रं असतात. त्यांतून अन्न आणि ऑक्सिजन येतो, नको ते बाहेर जातं, पण पेशी जागेवर राहतात. त्यांचा उद्देश औषधं तपासण्याचा नाही. यकृत बंद पडलेल्या रुग्णाचं रक्त शरीराबाहेर अशा धाग्यांमधून फिरवून त्याला काही काळ आधार देता येईल का, हे ते पाहत आहेत. पण गोष्ट तीच सिद्ध होते: पेशींना सपाट ताटलीपेक्षा बरं घर दिलं, की त्या बऱ्या वागतात.

सगळ्यात साधं घर कोणतं, माहीत आहे? काहीच घर न देणं! ताटलीचा तळ इतका गुळगुळीत करायचा की पेशींना चिकटायला जागाच मिळू नये. मग त्या एकमेकींना चिकटतात. एक-दोन हजार पेशींचा मिळून काही दिवसांत एक चेंडू बनतो. त्याचा व्यास जेमतेम पाव मिलिमीटर. टाचणीच्या डोक्यावर असे कित्येक चेंडू आरामात बसतील. आणि या चेंडूत पेशींचा रुसवा निघतो. त्या पुन्हा गोलसर होतात, अल्ब्युमिन नावाचं रक्तातलं प्रथिन बनवू लागतात, युरिया बनवू लागतात, पी-४५०चं कुळ परत कामाला लागतं. पेशींच्या मधून पित्ताच्या अरुंद वाटासुद्धा उघडतात. कुणी न सांगता! आठवडेच्या आठवडे हा चेंडू यकृताचं काम करत राहतो. मला यातली ही गोष्ट सगळ्यात विलक्षण वाटते. पेशींना काय करायचं ते ठाऊकच होतं, त्यांना फक्त शेजारीण हवी होती.

चेंडू फार मोठा मात्र करता येत नाही. त्यात रक्तवाहिन्या नसतात, त्यामुळे ऑक्सिजन बाहेरून झिरपत जेवढा आत जाईल तेवढाच. चेंडू फुगला की मधल्या पेशी गुदमरून मरतात. म्हणून तो ठिपक्याएवढाच ठेवायचा.

दुसरी वाट छपाईची. कागदावर शाई सोडतं तसं यंत्र, पण शाईच्या जागी जिवंत पेशी आणि एक मऊ लगदा, आणि थरावर थर. बंगळुरूच्या पँडोरम या छोट्या कंपनीनं २०१५ सालच्या डिसेंबरमध्ये अशा तऱ्हेनं माणसाच्या यकृताची ऊती बनवल्याचं जाहीर केलं. ती कंपनी सुरू करणारे तुहिन भौमिक आणि अरुण चंद्रू हे बंगळुरूच्या भारतीय विज्ञान संस्थेत शिकलेले.

तुम्ही विचाराल, या सगळ्यासाठी माणसाच्या यकृतपेशी आणायच्या कुठून? काही शस्त्रक्रियेत काढलेल्या तुकड्यातून, रुग्णाची परवानगी घेऊन. काही दान केलेल्या पण कुणाला बसवता न आलेल्या यकृतातून. आणि तिसरी वाट जादूची वाटावी अशी आहे. जपानच्या शिन्या यामानाका यांनी २००६ साली उंदराच्या आणि २००७ साली माणसाच्या त्वचेच्या पेशींना चार जनुकं देऊन पुन्हा मूलपेशी बनवलं. मूलपेशी म्हणजे जिच्यापासून शरीरातली कुठलीही पेशी घडू शकते अशी पेशी. २०१२ साली त्यांना नोबेल मिळालं. आता तुमच्या रक्ताच्या थोड्याशा नमुन्यापासून मूलपेशी करता येतात आणि तीनेक आठवडे क्रमाक्रमानं वेगवेगळी रसायनं देऊन त्यांच्यापासून यकृतपेशी घडवता येतात. मात्र या पेशी आईच्या पोटातल्या बाळाच्या यकृतासारख्या, जरा कच्च्या राहतात. त्यांना पक्कं कसं करायचं, हे कोडं अजून पुरतं सुटलेलं नाही.

आता प्रत्यक्ष चाचणी. बारीक खळगे असलेली एक प्लास्टिकची थाळी असते, तीत ९६ किंवा ३८४ खळगे. प्रत्येक खळग्यात गुलाबी द्रव आणि त्यात तळाशी यकृताचा एकेक ठिपका. पहिल्या काही खळग्यांत औषध घालत नाहीत, ते तुलनेसाठी. पुढच्यात अगदी थोडं, त्यापुढच्यात जास्त, असं वाढवत जायचं. मग वाट बघायची, कधी दोन दिवस, कधी दोन आठवडे. फिआलुरिडिननं इजा करायला किती आठवडे घेतले ते आठवतं ना? म्हणून घाई करून चालत नाही.

ठिपका जिवंत आहे की मेला, हे कसं कळणार? इथे मदतीला येतो काजवा! खरंच. काजव्याच्या पोटात ल्युसिफरेज नावाचं एन्झाइम असतं, त्यानंच तो चमकतो. पण चमकायला त्याला एटीपी लागतं, आणि एटीपी ही प्रत्येक जिवंत पेशीची ऊर्जेची शिदोरी. शास्त्रज्ञ ठिपक्यातल्या पेशी फोडतात आणि त्यात काजव्याचं एन्झाइम मिसळतात. पेशी धडधाकट होत्या, तर त्यांच्या एटीपीवर खळगा उजळतो. औषधानं पेशी मेल्या असतील तर अंधार. मधल्या खळग्यांत उजेड हळूहळू कमी होत जातो आणि यंत्र तो मोजतं. किती मापाला उजेड अर्धा झाला, ते पाहिलं की कळतं हे औषध यकृताला कुठपर्यंत सोसतं. भंडारदऱ्याला जूनमध्ये काजवे बघायला गेलेलं कुणी तुमच्या वर्गात असेल तर त्याला हे आवर्जून सांगा.

उजेडाखेरीज आणखी एक खूण तपासतात. डॉक्टरांनी कधी घरच्या कुणाची एसजीपीटी ही रक्तचाचणी करायला सांगितली आहे का? ते यकृतपेशीच्या आतलं एक एन्झाइम. पेशी फुटली की ते रक्तात सांडतं आणि रिपोर्टमध्ये आकडा वाढतो. इथेही ठिपक्याभोवतीच्या द्रवात तेच मोजतात. रुग्णालयातली आणि प्रयोगशाळेतली भाषा एकच, त्यामुळे डॉक्टरांनाही तो आकडा लगेच उमगतो.

याच्याही पुढची पायरी म्हणजे चिप. बोटाच्या दोन पेरांएवढी पारदर्शक, लवचीक पट्टी. तिच्या आत बारीक असे दोन कालवे, मधे छिद्रांचा पडदा. पडद्याच्या एका बाजूला यकृतपेशी, दुसऱ्या बाजूला रक्तवाहिनीच्या अस्तराच्या पेशी, जंतू गिळणाऱ्या पेशी आणि जीवनसत्त्व अ साठवणाऱ्या पेशी. कालव्यातून द्रव सतत वाहता ठेवतात, म्हणजे पेशींना शरीरातल्यासारखं वाहतं रक्त मिळाल्याचा अनुभव येतो. अमेरिकेतल्या बोस्टनच्या संशोधकांनी २०२२ साली अशा ८७० चिपांवर २७ औषधं तपासून पाहिली. ही औषधं माणसाला काय करतात हे आधीच माहीत होतं. चिपला मात्र ते सांगितलेलं नव्हतं! यकृताला घातक असलेल्यांपैकी ८७ टक्के औषधं चिपनं बरोबर ओळखली. त्यांतली कित्येक प्राण्यांच्या चाचणीतून सुटून पुढे गेलेली होती. आणि निर्दोष औषधावर तिनं एकदाही खोटा आळ घेतला नाही.

त्याच वर्षी अमेरिकेनं आपला कायदा बदलला आणि मार्च २०२३ मध्ये भारतानंही नियम बदलले. नव्या औषधाची तपासणी प्राण्यांऐवजी अशा चिप, छापलेल्या ऊती किंवा मूलपेशींवर केली तरी चालेल, असं आता आपल्या नियमांत लिहिलेलं आहे. 'चालेल' असं आहे, 'करायलाच हवी' असं नाही, त्यामुळे प्राण्यांवरच्या चाचण्या लगेच थांबलेल्या नाहीत. पण दार उघडलं आहे आणि मला त्याचा फार आनंद आहे.

आता जरा माणसामाणसातला फरक. क्षयरोग म्हणजे टीबी. जगातले सर्वाधिक टीबीचे रुग्ण भारतात आहेत. त्यावर १९५०च्या दशकापासून आयसोनियाझिड नावाचं फार चांगलं औषध आहे. काहींच्या यकृतात त्याला बाहेर काढणारं एन्झाइम झपाझप काम करतं, काहींच्यात संथपणे. हे जन्मतःच ठरलेलं असतं. संथवाल्यांच्या यकृताला इजा होण्याची भीती जास्त, म्हणून डॉक्टर मधूनमधून रक्त तपासतात. आता विचार करा, एकाच माणसाच्या यकृताचे ठिपके करून तपासणी केली आणि तो नेमका झपाझपवाला निघाला तर? औषध निर्धोक आहे असा चुकीचा निष्कर्ष निघेल. म्हणून ठिपके वेगवेगळ्या माणसांचे हवेत, आणि आपल्या देशात वापरायच्या औषधासाठी आपल्याकडच्या माणसांचेही हवेत. बोस्टनच्या दात्यांचं यकृत गडचिरोलीच्या माणसाविषयी सगळं सांगू शकणार नाही.

शेवटची गोष्ट दुःखाची आहे, पण ती आपल्या नागपूरची आहे, म्हणून सांगायलाच हवी. २०२५ च्या सप्टेंबर-ऑक्टोबरमध्ये शेजारच्या छिंदवाडा जिल्ह्यातून लहान लहान मुलं नागपूरच्या रुग्णालयांत आणावी लागली. खोकल्याचं औषध घेतल्यावर त्यांची लघवी बंद झाली होती. औषधाच्या बाटलीत डायएथिलीन ग्लायकॉल हे विषारी रसायन निघालं. वीसहून जास्त मुलं वाचू शकली नाहीत. याच रसायनानं १९३७ साली अमेरिकेत शंभराहून जास्त माणसांचा जीव घेतला होता, आणि त्यानंतरच तिथे औषध विकण्याआधी ते निर्धोक असल्याचं दाखवा, असा कायदा झाला. १९८६ साली मुंबईच्या जे. जे. रुग्णालयात १४ रुग्ण याच विषानं गेले.

बाटलीत हे विष आहे का, हे बघायला यकृताचा ठिपका लागत नाही. त्यासाठी रासायनिक चाचणी आहे, ती जुनी आणि परवडणारी आहे, आणि प्रत्येक खेपेला ती झालीच पाहिजे. चिप कितीही हुशार झाली तरी या कामातल्या हलगर्जीपणावर ती उपाय नाही.

पण या विषाची चाल समजून घेण्यासारखी आहे. मुलांची मूत्रपिंडं बंद पडली, म्हणून वाटतं की ते मूत्रपिंडाचं विष. खरं तर डायएथिलीन ग्लायकॉल आधी यकृतात जातं. तिथली विकरं त्याच्यापासून एक आम्ल बनवतात, आणि ते आम्ल रक्तातून मूत्रपिंडात पोचून तिथल्या पेशी मारतं. म्हणजे तुम्ही नुसत्या मूत्रपिंडाच्या पेशी थाळीत घेऊन हे रसायन तपासलं असतं, तर खरा धोका कळलाच नसता. घाव एका अवयवावर, हत्यार दुसऱ्या अवयवात तयार झालेलं.

म्हणून आता शास्त्रज्ञ एकेक चिप सुटी न ठेवता जोडू लागले आहेत. आतड्याच्या चिपमधून निघालेला द्रव यकृताच्या चिपमध्ये, तिथून मूत्रपिंडाच्या चिपमध्ये. २०२० साली अमेरिकेत आठ अवयवांच्या चिप अशा जोडून तीन आठवडे जिवंत ठेवल्या गेल्या. अडचणी अजून पुष्कळ आहेत. इतक्याशा यकृताला केवढं मूत्रपिंड जोडलं म्हणजे खऱ्या शरीरातलं प्रमाण राहील? यकृतपेशींना आवडणारं खाद्य मूत्रपिंडाच्या पेशींना मानवत नाही, मग दोघांमधून फिरणाऱ्या द्रवात घालायचं काय? आणि दहा हजारांत एखाद्यालाच होणारी इजा पकडायची तर किती जणांच्या पेशी लागतील? या प्रश्नांवर आत्ता, तुम्ही हे वाचत असतानाही, कुठल्या ना कुठल्या प्रयोगशाळेत कुणीतरी काम करत आहे.